दादाभाईंचं ‘सेंट्रल फिन्सबरी’ गेलं कुठे?

प्रश्न थोडक्यात असा: “दादाभाई नौरोजी 1892 मध्ये सेंट्रल फिन्सबरीतून ब्रिटिश संसदेत निवडून गेले, हे शाळेत पाठ केलं. पण लंडनच्या आजच्या मतदारसंघांच्या यादीत हे नावच नाही. तो मतदारसंघ गेला कुठे? आणि ते फक्त तीन मतांनी जिंकले, हे खरं की दंतकथा?”

आधी झटपट उत्तर देतो. सेंट्रल फिन्सबरी हा मतदारसंघ 1885 ते 1918 एवढाच जगला. त्याचा बहुतेक भाग म्हणजे लंडनचं क्लर्कनवेल, आणि आज तो ‘इस्लिंग्टन साउथ अँड फिन्सबरी’ या मतदारसंघात मोडतो. मतांचा फरक तीन होता की पाच, याबाबत छापील नोंदींमध्येच मेळ नाही. पण एका हाताच्या बोटांत मावेल एवढाच तो होता, दंतकथा नव्हे.

आता सविस्तर. मी नोकरीची बरीच वर्षं निवडणूक शाखेत काढली. मतदारयाद्या, दावे-हरकती, मतमोजणीचे गठ्ठे यांतच आयुष्य गेलं. निवृत्तीनंतर लेकीकडे लंडनला जाणं झालं आणि जुन्या इंग्लिश मतदारसंघांचा नाद लागला. त्यामुळे पुढचं सगळं निवडणूक शाखेतल्या माणसाच्या नजरेतून आहे, हे धरून वाचा.

पहिली चूक मीच केली, ती तुम्ही करू नका. फिन्सबरी बघायचं म्हणून मी ट्यूबने ‘फिन्सबरी पार्क’ला उतरलो आणि तासभर हिंडलो. ते फिन्सबरी नव्हेच! जुन्या फिन्सबरी मतदारसंघातल्या रहिवाशांनी आपल्यासाठी उद्यान हवं म्हणून मागणी लावून धरली होती. ते उद्यान प्रत्यक्षात 1869 मध्ये उघडलं ते उत्तरेला पार लांब, आणि नाव मात्र मागणी करणाऱ्यांचं मिळालं. दादाभाईंचं फिन्सबरी म्हणजे लंडन सिटीच्या वेशीला लागून असलेला दाट वस्तीचा पट्टा.

आपल्याकडचं उदाहरण घेतलं तर पटकन कळेल. 2008 च्या पुनर्रचनेत दादर नावाचा विधानसभा मतदारसंघ रद्द झाला. दादर गेलं का कुठे? रोज तिथे लोकल थांबते. मतदारसंघ म्हणजे नकाशावरची एक रेघ आणि त्या रेघेच्या आतली एक यादी. रेघ पुसली की गाव राहतं, मतदारसंघ जातो. सेंट्रल फिन्सबरीचा इतिहास बघायचा तर तिथून कोण जिंकलं हे नंतर बघा. आधी रेघ कोणी मारली आणि यादीत कोण होतं, ते बघा.

1832 पर्यंत या भागाला स्वतःचा खासदारच नव्हता. क्लर्कनवेलचे लोक मिडलसेक्स या अख्ख्या काउंटीबरोबर मत द्यायचे, तेही ज्यांच्या जमिनीचं उत्पन्न वर्षाला किमान चाळीस शिलिंग आहे असेच. 1769 मध्ये ज्या जॉन विल्क्सला मिडलसेक्सच्या मतदारांनी पुन्हा पुन्हा निवडून दिलं आणि सभागृहाने पुन्हा पुन्हा हाकललं, तो जन्माने क्लर्कनवेलचाच. शेवटी सभागृहाने हरलेल्या उमेदवारालाच निवडून आल्याचं जाहीर करून टाकलं. बंडखोरीचं पाणी या भागात जुनंच.

1832 च्या सुधारणा कायद्याने फिन्सबरी हा दोन खासदारांचा नवा मतदारसंघ तयार झाला. त्यात क्लर्कनवेल, सेंट ल्यूक, होबर्नचा भाग, इस्लिंग्टन असं बरंच काही आलं. मुंबईकराने खुर्ची सरसावून बसावं अशी गोष्ट इथे सुरू होते. पहिल्याच निवडणुकीत जे दोघे निवडून आले, त्यांतला एक रॉबर्ट ग्रँट. होय, ग्रँट रोडवाला. फिन्सबरीची खासदारकी सोडून तो मुंबईचा गव्हर्नर झाला. 1834 मध्ये त्याची नेमणूक झाली, 1838 मध्ये पुण्याजवळ दापोडीला तो वारला. ग्रँट मेडिकल कॉलेजला नाव त्याचंच. त्याच्याबरोबर निवडून आलेला दुसरा खासदार रॉबर्ट स्पँकी, हा बंगालमध्ये कंपनी सरकारचा ॲडव्होकेट जनरल राहिलेला. म्हणजे फिन्सबरीचे पहिले दोन्ही खासदार हिंदुस्थानशी बांधलेले.

त्या 1832 च्या निवडणुकीत हरलेल्यांची नावं जिंकलेल्यांपेक्षा मोठी आहेत. एक चार्ल्स बॅबेज, ज्याला आपण संगणकाचा आजोबा म्हणतो तो. गणकयंत्र बनवणाऱ्या माणसाला मतांचं गणित जमलं नाही. दोन वर्षांनी ग्रँटच्या रिकाम्या जागेसाठी तो पुन्हा उभा राहिला आणि पुन्हा पडला. दुसरा टॉमस वॅकली, शल्यचिकित्सक आणि ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाचा संस्थापक. तो मात्र चिवट निघाला. दोनदा पडून 1835 मध्ये जिंकला आणि 1852 पर्यंत टिकला. त्याचा जोडीदार टॉमस स्लिंग्जबी डनकोम्ब. कामगारांना मताचा हक्क मागणाऱ्या चार्टिस्ट चळवळीचा प्रचंड मोठा अर्ज 1842 मध्ये संसदेत मांडला तो यानेच.

ग्रँटबद्दल आणखी एक गोष्ट आहे आणि ती पुढे दादाभाईंपाशी येऊन मिळते. ज्यू लोकांना संसदेत बसता यावं यासाठी त्याने विधेयक आणलं होतं. खासदाराला जी शपथ घ्यावी लागे तिचे शब्दच ख्रिस्ती होते, त्यामुळे निवडून आलेल्या ज्यूलाही दार बंद. 1833 मध्ये, म्हणजे ग्रँट फिन्सबरीचा खासदार असतानाच, खालच्या सभागृहाने ते मंजूर केलं आणि उमरावांच्या सभागृहाने फेटाळलं. दार उघडायला 1858 उजाडलं. पुढे 1892 मध्ये मुंबईचा एक पारशी अवेस्ताची प्रत हातात घेऊन त्याच सभागृहात शपथ घेतो, आणि तो ग्रँटच्याच फिन्सबरीच्या एका तुकड्यातून आलेला असतो. मी असल्या योगायोगांवर सहसा भाळत नाही, पण या एकाला सूट देतो.

आता रेघेकडे. 1884 मध्ये मताधिकार वाढला आणि त्यापाठोपाठ मतदारसंघांची पुनर्रचना ठरली. ग्लॅडस्टनचा उदारमतवादी पक्ष सत्तेत होता, पण उमरावांच्या सभागृहात लॉर्ड सॉल्सबरीच्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचं वजन होतं. दोन्ही पक्षांचे पुढारी बंद दाराआड बसले आणि सौदा झाला. सॉल्सबरीचा हट्ट होता की मोठे दोन-सदस्यीय मतदारसंघ मोडून एकसदस्यीय करावेत. हिशेब साधा होता: शहरातली सुखवस्तू उपनगरं गरीब वस्त्यांपासून वेगळी निघाली की तिथल्या जागा आपल्या. 1885 च्या कायद्याने जुन्या फिन्सबरीचे तुकडे पडले. इस्लिंग्टनचे चार मतदारसंघ झाले, आणि उरलेल्या फिन्सबरीचे होबर्न, सेंट्रल आणि ईस्ट असे तीन. आपल्याला हवा असलेला सेंट्रल फिन्सबरी हा असा जन्मला.

हे तीन तुकडे लक्षात ठेवा, कारण दादाभाई यांतल्या दोन ठिकाणी लढले. 1886 मध्ये त्यांना होबर्न मिळालं. कॉन्झर्व्हेटिव्ह उमेदवाराला 3,651 मतं पडली, दादाभाईंना 1,950. सपशेल पराभव. 1888 मध्ये तो विजेता वारला, पोटनिवडणूक झाली. जागा कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षानेच राखली, पण मताधिक्य घटलं. पंतप्रधान असलेल्या सॉल्सबरीला एडिंबरोच्या सभेत ही घट समजावून सांगायची होती. तो म्हणाला त्याचा आशय असा, की मागच्या वेळी समोर काळा माणूस होता म्हणून आमचं मताधिक्य फुगलं होतं. मानवजात कितीही पुढे गेली असली तरी काळ्या माणसाला निवडून देण्याइतका ब्रिटिश मतदारसंघ पुढे गेलेला नाही.

निवडणूक शाखेतल्या माणसाला यात मौज वाटते ती ही, की इतिहासात गाजलेलं हे कुप्रसिद्ध वाक्य मुळात मताधिक्य का घटलं याचा खुलासा होता! हरल्या-घटल्याचा खुलासा करताना पुढारी तोंड सांभाळत नाहीत, हे आपल्याकडेही पाहिलंय. उलटा परिणाम असा झाला की तोवर फारसं कोणाला ठाऊक नसलेलं नौरोजी हे नाव इंग्लंडभर झालं. दोघांचे चेहरे पाहिलेले लोक तर म्हणायचे की सॉल्सबरीच जास्त सावळा दिसतो.

त्याच वर्षी सेंट्रल फिन्सबरीच्या उदारमतवादी संघटनेने दादाभाईंना उमेदवारीसाठी निवडलं. लगेच सगळं सुरळीत झालं असं समजू नका. रिचर्ड ईव्ह नावाचा प्रतिस्पर्धी आणि त्याचा गट निवड मान्य करेना, आणि उदारमतवाद्यांमधली ही भांडणं वर्षानुवर्षं चालली. पक्षाचं तिकीट म्हटलं की काय काय चालतं हे मराठी वाचकाला समजावून सांगायची गरज नाही.

क्लर्कनवेल तेव्हा घड्याळजींचं गाव होतं. एकाच गल्लीत एक जण चाकं कापतोय, दुसरा तबकडी रंगवतोय, तिसरा स्प्रिंग बसवतोय, आणि घड्याळ पूर्ण होईपर्यंत दहा-वीस हातांतून फिरतंय. जोडीला छापखाने, सोनार, कोरीवकाम करणारे. एका कोपऱ्यात इटालियन वस्ती. क्लर्कनवेल ग्रीन हा सभांचा चौक. पुढे 1902-03 मध्ये लेनिन त्याच चौकातल्या एका इमारतीतून आपलं ‘इस्क्रा’ हे वृत्तपत्र छापत होता. आणि या सगळ्याला लागून कोंदट खोल्यांच्या चाळी. कामगारांच्या घरांची चौकशी करायला 1884 मध्ये जो शाही आयोग नेमला गेला, त्याच्यापुढे क्लर्कनवेलचं प्रकरण गाजलं. स्थानिक कारभारी मंडळातले अनेक सदस्यच त्या पडक्या घरांचे मालक निघाले. आरोग्याची तपासणी करायची कोणी, तर ज्यांची घरं त्यांनीच.

दादाभाईंचा प्रतिस्पर्धीही असाच तिथल्या मातीतला होता, फक्त मातीचा मालक. फ्रेडरिक टॉमस पेंटन, 1886 पासूनचा कॉन्झर्व्हेटिव्ह खासदार. शेजारचं पेंटनव्हिल हे नाव ज्या घराण्यावरून पडलं, त्यातलाच हा. अठराव्या शतकात त्याच्या पूर्वजाने आपल्या शेतजमिनीवर तो भाग वसवला होता. म्हणजे 1892 ची लढत अशी: एका बाजूला जमीनदाराचा वारस, दुसऱ्या बाजूला सदुसष्टी गाठत आलेला, मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात एके काळी गणित शिकवलेला पारशी.

आणि आता यादी, जिच्यात माझा जीव अडकतो.

तेव्हा बायकांना मत नव्हतं हे सगळ्यांना माहीत असतं. पण सगळ्या पुरुषांनाही नव्हतं. घर चालवणाऱ्या पुरुषाने एकाच मतदारसंघात सलग बारा महिने राहिल्याचं दिसलं पाहिजे. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याची खोली वर्षाला किमान दहा पौंड भाड्याच्या मोलाची हवी, आणि त्याने आपलं नाव घालण्यासाठी दरवर्षी नव्याने दावा करायचा. सरकारी गरीबमदत घेतलेला बाद. ही बारा महिन्यांची मुदत जुलैत संपायची, शरद ऋतूत वकील-अधिकारी बसून दावे-हरकती ऐकायचा, आणि यादी लागू व्हायची पुढच्या जानेवारीपासून. म्हणजे जुलै 1892 मध्ये मत द्यायला तोच पात्र, जो जुलै 1890 ते जुलै 1891 या काळात अटी पुऱ्या करत होता.

आता क्लर्कनवेलच्या घड्याळाचं काम करणाऱ्या कारागिराला यात बसवा. काम कमी झालं की तो स्वस्त खोलीत जाणार. घर बदललं की यादीतलं नाव जाण्याची भीती. दोन्ही पक्षांचे पगारी एजंट दर शरदात त्या सुनावणीला हजर असायचे. आपल्या माणसाचे दावे पुढे करायचे, समोरच्याच्या माणसावर हरकत घ्यायची. माझ्या नोकरीत एकेका फॉर्मवरून भांडणारे कार्यकर्ते मी पाहिलेत, त्यामुळे ती खोली, ते टेबल आणि हरकतींचे कागद मला अगदी डोळ्यांपुढे दिसतात. चार-पाच मतांनी लागलेल्या निकालाकडे लोक चमत्कार म्हणून बघतात. माझं मत असं की तो निकाल आदल्या शरदातल्या त्या टेबलावर निम्मा लागून गेला होता. कोणी आठ-दहा भाडेकरूंचे दावे वेळेत भरले नसते, तर शाळेत आपण वेगळंच नाव पाठ केलं असतं.

जुलै 1892 मध्ये मतदान झालं. गुप्त मतदान 1872 पासूनच होतं. दोघांना मिळून पडलेली मतं सुमारे सहा हजार. आपल्याकडे एवढी मतं घेऊन मोठ्या शहरातला नगरसेवकही धड निवडून येत नाही. मोजणीत दादाभाई बोटांवर मोजण्याइतक्या मतांनी पुढे निघाले. पेंटनने निवडणूक याचिका दाखल केली, पण दादाभाईंची जागा कायम राहिली. ‘नौरोजी’ हा उच्चार ज्यांना जमत नव्हता त्यांना आता सोय झाली; ते त्यांना ‘मिस्टर नॅरो-मेजॉरिटी’ म्हणू लागले, म्हणजे निसटत्या मताधिक्याचे साहेब. सॉल्सबरी ज्याला अशक्य म्हणाला होता ते घडलं, आणि घडलं ते त्याच्याच हट्टाने कापलेल्या एकसदस्यीय तुकड्यात.

‘पहिले भारतीय खासदार’ ही पदवी वापरताना एक तळटीप मनात ठेवा. 1841 मध्ये सडबरी मतदारसंघातून डेव्हिड ऑक्टरलोनी डाइस सोम्बर निवडून आला होता, सरधान्याच्या बेगम समरूने वाढवलेला, मिश्र वंशाचा. लाचखोरीपायी 1842 मध्ये त्याची निवड रद्द झाली आणि 1844 मध्ये तो अख्खा मतदारसंघच मोडीत काढला. मतदारसंघ मरण्याचा हाही एक प्रकार. आणि दादाभाईंच्या आधी लालमोहन घोष डेप्टफर्डमधून 1885 आणि 1886 असे दोनदा लढून हरले होते.

खासदार म्हणून दादाभाईंना जेमतेम तीन वर्षं मिळाली. त्यांतली सर्वांत ठळक तारीख 2 जून 1893. सनदी सेवेची परीक्षा इंग्लंडबरोबर हिंदुस्थानातही एकाच वेळी घ्यावी, असा ठराव सभागृहाने 84 विरुद्ध 76 मतांनी मंजूर केला. सरकारने तो अमलात आणला नाही. त्याच वर्षाअखेर ते लाहोरच्या काँग्रेसचे अध्यक्ष झाले. 1895 मध्ये उदारमतवाद्यांची देशभर वाताहत झाली, तिच्यात सेंट्रल फिन्सबरीही गेलं. या वेळी फरक बोटांवरचा नव्हता, चांगलाच होता. गंमत अशी की त्याच निवडणुकीत मंचरजी भावनगरी हे मुंबईचे दुसरे पारशी बेथनल ग्रीनमधून निवडून आले, तेही सॉल्सबरीच्या पक्षाकडून. दादाभाई 1906 मध्ये नॉर्थ लॅम्बेथमधून एकदा पुन्हा लढले आणि हरले.

पुढचं सेंट्रल फिन्सबरी भराभर सांगतो. कॉन्झर्व्हेटिव्ह मॅसी-मेनवेअरिंग 1906 पर्यंत. मग एक मुदत कामगार संघटनांचा पुढारी स्टेडमन. जानेवारी 1910 पासून शेवटपर्यंत मार्टिन आर्चर-शी. याच्या सावत्र भावावर, नौदलाच्या शाळेतल्या तेरा वर्षांच्या पोरावर, पाच शिलिंगांची पोस्टल ऑर्डर चोरल्याचा आळ आला होता. मोठ्या भावाने एडवर्ड कार्सनसारखा वकील गाठून दिला आणि जुलै 1910 मध्ये सरकारने भर कोर्टात मुलगा निर्दोष असल्याचं मान्य केलं. तो मुलगा 1914 मध्ये पहिल्या महायुद्धातल्या ईप्रच्या लढाईत मारला गेला.

1918 मध्ये मताधिकार पुन्हा वाढला, तीस वर्षांवरच्या बऱ्याच बायका यादीत आल्या आणि पुन्हा रेघा मारल्या गेल्या. लंडनच्या मध्यभागातली वस्ती कमी होत होती, घरांच्या जागी कचेऱ्या येत होत्या. सेंट्रल आणि ईस्ट मिळून एकच फिन्सबरी झालं. 1950 मध्ये तेही एकटं उभं राहीना, त्याला शोरडिचशी जोडलं. 1974 मध्ये तिथून तोडून इस्लिंग्टनच्या दक्षिण भागाला लावलं, ते आजतागायत तसंच. ज्या इस्लिंग्टनला 1885 मध्ये फिन्सबरीतून वेगळं काढलं, त्याच्याच शेपटीला आता फिन्सबरीचं नाव लटकतंय. दादाभाई 30 जून 1917 रोजी मुंबईत वारले, त्यांचा मतदारसंघ पुढच्याच वर्षी.

तुम्ही लंडनला गेलात तर फॅरिंग्डन स्टेशनला उतरा. तिथून क्लर्कनवेल ग्रीन चालत पाच-सात मिनिटांवर आहे. पुढे रोझबेरी ॲव्हेन्यूवर फिन्सबरीचा जुना टाउन हॉल लागतो, 1895 मध्ये उघडलेला, म्हणजे दादाभाई पडले त्याच वर्षीचा. त्यांच्या नावाची पाटी तिथे भिंतीवर आहे. त्याच भागात एक नौरोजी स्ट्रीटही आहे, लहानशी. मी विचारत विचारत गेलो, तर कोपऱ्यावरच्या दुकानदाराने रस्ता बरोबर दाखवला आणि नावाचा उच्चार ‘नरोजी’ असा केला.